ओव्हरस्पीडचा ट्रिप पुन्हा पुन्हा? रिसेटआधी वेगाची रेषा काढा

आषाढात सातारा जिल्ह्यातल्या वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर ढग जमिनीलगत येतात, दहा हातांवरचा टॉवर दिसत नाही आणि वारा दिवसरात्र थांबत नाही. पवनचक्कीच्या वर्षभराच्या कमाईचे हेच दिवस. आणि नेमका याच दिवसांत स्काडाच्या, म्हणजे दुरून चक्क्यांवर नजर ठेवणाऱ्या संगणकाच्या, पडद्यावर तोच लाल शब्द येतो: जनरेटर ओव्हरस्पीड. वेग मर्यादेबाहेर गेला म्हणून चक्की आपोआप बंद झाली, म्हणजे ट्रिप झाली, आमच्या भाषेत "पडली". रिसेट करायचं, चक्की फिरायला लागते, दोन-तीन तासांनी पुन्हा तेच. रात्री अडीचला फोन येतो, "साहेब, परत तीच पडली."

मी हा प्रकार एका चक्कीवर एक अख्खा पावसाळा सोसला आहे. त्यातून जे हाती लागलं ते इथे सविस्तर लिहितोय, कारण दर जूनमध्ये कुणी ना कुणी हाच प्रश्न विचारतं, आणि बहुतेक जण पहिल्याच पायरीवर चुकतात. ती पायरी म्हणजे रिसेट. आमच्या कंट्रोलरवर ट्रिपच्या आधीच्या आणि नंतरच्या काही सेकंदांची बारीक नोंद, म्हणजे फास्ट ट्रेस, जेमतेम मोजक्या ट्रिपपुरती साठते. चार वेळा रिसेट करून चार वेळा पाडली की पहिल्या ट्रिपचा पुरावा पुसला जातो. म्हणून आधी ट्रेस उतरवून घ्या. स्काडाची दहा मिनिटांची सरासरी इथे काही कामाची नाही. सगळा खेळ सात-आठ सेकंदांचा असतो, सरासरीत तो दिसतच नाही.

वेग धरणारे दोन लगाम

पठारावरच्या जुन्या, छोट्या चक्क्यांमध्ये जनरेटर थेट ग्रिडला बांधलेला. ग्रिडच्या ५० हर्ट्‌झमुळे वेग जवळजवळ ठरलेलाच असायचा. बदलत्या वेगाच्या चक्कीत ते बंधन सोडवलेलं असतं, त्यामुळे वेग धरून ठेवायचं काम कंट्रोलरवर येतं. त्याच्या हातात दोन लगाम: एक टॉर्क, म्हणजे जनरेटरचा फिरण्याला अडवणारा जोर, दुसरा पिच, म्हणजे पात्यांचा कोन.

रेटेड वाऱ्याच्या, म्हणजे चक्की पूर्ण क्षमतेला पोचते त्या वाऱ्याच्या, खाली पाती पूर्ण वाऱ्याला दिलेली असतात आणि कन्व्हर्टर, म्हणजे जनरेटर आणि ग्रिड यांच्यामधली इलेक्ट्रॉनिक पेटी, जनरेटरचा टॉर्क वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढवतो. वाऱ्यातून जास्तीत जास्त ऊर्जा त्यामुळे निघते. रेटेडच्या वर टॉर्क त्याच्या कमाल मर्यादेला पोचतो, आणि तिथून पुढे वेग आवरायचा तो फक्त पाती वळवून. ओव्हरस्पीड म्हणजे या दोनपैकी एक लगाम सुटला, किंवा वेग मोजणाराच चुकीचं सांगतोय. चौथी शक्यता मी आजवर पाहिलेली नाही. "पठारावर हवा विरळ, म्हणून असं होतं" असं काही जण सांगतात. अकराशे मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे दहा टक्के कमी असते, हे खरं. पण विरळ हवेत पात्यांवरचा जोरही कमीच होतो. त्याने थोडी वीज बुडेल, वेग उधळणार नाही.

आता तीन शक्यतांतली कोणती, हे ट्रेसमधली एकच रेषा सांगते. वेगाची रेषा किती उभी चढते ते मोजायचं.

चढ कसा मोजायचा

हिशेब साधा आहे. टॉर्कची जी शिल्लक राहते तिला सगळ्या फिरत्या भागांच्या जडत्वाने भागायचं, की वेग दर सेकंदाला किती वाढणार ते मिळतं. आपल्या यंत्राचे आकडे हाताशी नसतील तर अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने २००९ मध्ये खुली केलेली ५ मेगावॅटची संदर्भ-चक्की घ्या. जगभरचे कंट्रोलवाले तिच्यावर सराव करतात. रोटर १२६ मीटर व्यासाचा, रेटेड वेग मिनिटाला १२.१ फेरे, गिअरबॉक्स ९७ पट, जनरेटर ११७३.७ फेऱ्यांवर. रेटेड टॉर्क जनरेटरवर सुमारे ४३,०९४ न्यूटन-मीटर, म्हणजे रोटरच्या बाजूला साधारण ४१ लाख ८० हजार. जडत्व, जनरेटरचं धरून, सुमारे ४ कोटी ३८ लाख किलोग्रॅम-वर्गमीटर. भागाकार करा: जनरेटरचा टॉर्क एका क्षणात पूर्ण गेला तर वेग दर सेकंदाला रेटेडच्या साडेसात टक्क्यांनी चढतो. झोतामुळे वाऱ्याचा टॉर्क २० टक्के जास्त झाला आणि पाती हललीच नाहीत, तर चढ फक्त दीड टक्का.

या दोन आकड्यांत पाचपट अंतर आहे. डोळ्यांनी ओळखता येतं.

आमची चक्की यापेक्षा लहान, डबली-फेड जनरेटरची (ज्याचा फक्त फिरता भाग कन्व्हर्टरला जोडलेला असतो), रेटेड वेग १७५० आणि ओव्हरस्पीडचा ट्रिप १९५० फेऱ्यांवर. लहान यंत्राचं जडत्व त्याच्या ताकदीच्या मानाने कमी, म्हणून तिच्यावर पूर्ण टॉर्क गेल्याचा चढ सेकंदाला ११ टक्क्यांच्या आसपास येतो. तुमच्या यंत्राचा हा आकडा एकदा काढून वहीत लिहून ठेवा, पुढे कायम कामाला येतो.

तर, चढ एक-दोन टक्के असेल तर पिचकडे जा. सात ते बारा टक्के असेल तर टॉर्क गेलाय, कन्व्हर्टर आणि ग्रिडकडे जा. आणि रेषा एका नमुन्यात उडी मारून वर गेली नि पुढच्या नमुन्यात परत जागेवर आली, तर काहीही उधळलेलं नाही. कोट्यवधींचं ते जडत्व पन्नास मिलिसेकंदांत उडी मारूच शकत नाही. जनरेटरच्या मागचा वेगमापक, म्हणजे एन्कोडर, तपासा: कपलिंगचा स्क्रू सैल, कनेक्टरमध्ये ओल, किंवा केबलच्या जाळीचं अर्थिंग सुटलेलं. मुख्य शाफ्टवरच्या प्रॉक्सिमिटी सेन्सरचा वेग गिअरच्या पटीने गुणून शेजारी ठेवला की खोटेपणा उघड होतो. मात्र त्या सेन्सरचे एका फेऱ्यात थोडेच ठोके पडतात, म्हणून दोन्हींची काही सेकंदांची सरासरीच ताडून बघा.

आमची चक्की: सात सेकंदांची रेषा

आमच्या ट्रेसमध्ये वेग १७५० वरून १९५० ला जायला जवळपास सात सेकंद लागले होते. सेकंदाला दीड टक्क्याच्या वर थोडं. टॉर्कची रेषा शेवटपर्यंत सपाट, आपल्या जागी. म्हणजे कन्व्हर्टर निर्दोष. त्याआधी दोन आठवडे आम्ही कन्व्हर्टरमध्येच हात घालून बसलो होतो, कारण ट्रिपनंतरच्या अलार्मच्या यादीत कन्व्हर्टरचं नाव वर दिसायचं. ते नाव ट्रिपच्या परिणामाचं होतं. अलार्म मिलिसेकंदाच्या क्रमाने लावल्यावरच कळलं.

मग तिन्ही पात्यांचे कोन, हुकूम आणि प्रत्यक्ष, एकाच आलेखावर काढले. पहिलं आणि दुसरं पातं हुकमाला चिकटून चाललेलं. तिसरं मात्र हुकूम जोरात वाढला की मागे पडायचं, अडीच-तीन अंशांनी, आणि वारा मंदावला की पुन्हा गाठायचं. कंट्रोलरची फरकाची मर्यादा त्याहून मोठी, म्हणून पिचचा वेगळा अलार्म कधी आलाच नाही.

वारा पडल्यावर वर गेलो. हबमध्ये, म्हणजे पाती जोडलेल्या मधल्या गाभ्यात, शिरायचं तर वाऱ्याची मर्यादा यंत्राच्या पुस्तकात दिलेली असते, ती पाळा, रोटर-लॉक घाला, आणि पिचच्या बॅटरीपेट्या वेगळ्या करा. मुख्य पुरवठा बंद केला तरी त्या पेट्या जिवंत असतात आणि पातं त्यांच्यावर फिरू शकतं.

पाती वळवणाऱ्या तिन्ही मोटर एकाच गतीने शून्यावरून २० अंशांपर्यंत फिरवून प्रवाह मोजला. इथे एक गोष्ट सांभाळायची: प्रत्येक पातं मोजताना त्याच जागी, म्हणजे आम्ही केलं तसं खाली लोंबतं, आणून लॉक करायचं. वेगवेगळ्या जागी पात्याच्या वजनाचा भार वेगळा पडतो, तुलना बिघडते. वेळ जातो, पण आकडा विश्वासाचा मिळतो. पहिल्या दोन मोटर ९ अँपियर, तिसरी १७. तिच्या मागचं झाकण काढलं तर आत काळी बारीक पूड आणि जळक्या लायनिंगचा वास. पातं जागेवर धरून ठेवणारा मोटरचा होल्डिंग ब्रेक पूर्ण सुटतच नव्हता, मोटर त्याला रेटत फिरत होती.

ब्रेक बदलून खाली येणं सोपं होतं. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या टेक्निशियन दादांनी थांबवलं. "नवा ब्रेकपण जळेल, आधी व्होल्टेज बघा." मीटर ब्रेकच्या पुरवठ्याच्या टर्मिनलवर लावून ठेवला. ब्रेक लागलेला, म्हणजे भार नसताना २४ व्होल्ट, बरोबर. ब्रेक सुटायचा हुकूम दिला, काटा घसरला १८ वर. अॅक्सिस-पेटीतलं, म्हणजे त्या पात्याच्या कंट्रोलच्या पेटीतलं, एक टर्मिनल कंपनांनी सैल झालेलं, भार आला की तिथेच व्होल्टेज खाल्लं जात होतं. भाराविना मोजलं असतं तर ते कधीच सापडलं नसतं. टर्मिनल पुन्हा कसलं, बाकीच्या दोन पेट्यांतलीही सगळी ओढून पाहिली, मग ब्रेक बदलला.

तरीही पडलीच

ट्रिप कमी झाले, थांबले नाहीत. आठवड्यात दोन वेळा, नेहमी १२ मीटर प्रति सेकंदाच्या आगेमागे, म्हणजे रेटेड वाऱ्याजवळच. वीस मीटरच्या वाऱ्यात ती शांत चालायची. जोरदार वाऱ्यात नीट आणि मध्यम वाऱ्यात पडते, हे ऐकायला उलटं वाटतं, पण हीच मोठी खूण होती.

नव्या ट्रेसमध्ये तिन्ही पाती हुकमाला चिकटून होती. आता हुकूमच उशिरा येत होता.

पिचचा कंट्रोलर वेगाची चूक पाहून कोन ठरवतो. पण एक अंश पातं वळवल्याचा परिणाम सगळीकडे सारखा नसतो. पाती वाऱ्याला जवळजवळ पूर्ण दिलेली असताना एका अंशाने थोडाच फरक पडतो, आधीच बरीच वळलेली असताना तोच अंश पुष्कळ जोर काढून घेतो. वर सांगितलेल्या ५ मेगावॅटच्या चक्कीत शून्य अंशाला ही संवेदनशीलता जितकी आहे त्याच्या दुप्पट ती ६.३ अंशांवरच होते, आणि २५ मीटरच्या वाऱ्यात पाती साडेतेवीस अंशांपर्यंत वळलेली असतात. म्हणून कोन वाढत जाईल तसा गेन, म्हणजे वेगाच्या चुकीला कंट्रोलर किती जोराने उत्तर देतो तो आकडा, कमी करत न्यायचा असतो. ६.३ अंशांवर निम्मा, १२.६ वर एक तृतीयांश. याला गेन शेड्यूलिंग म्हणतात, आणि त्यासाठी पॅरामीटरच्या यादीत एकच कोनाचा आकडा असतो.

आमच्या यादीत त्या जागी भलामोठा आकडा बसलेला. म्हणजे शेड्यूलिंग असून नसल्यासारखं, सगळ्या कोनांना एकच गेन. जुने कागद काढल्यावर उलगडा झाला. आदल्या वर्षी कंट्रोलरचं कार्ड बदललं होतं, तेव्हा साइटची पॅरामीटर-फाइल न चढवता मुळातली फाइल राहून गेली. मग जोरदार वाऱ्यात पाती सारखी पुढेमागे डुलायला लागली, कारण तिथे गेन फार जास्त पडत होता. ते डुलणं थांबवायला कुणीतरी मूळ गेन निम्म्यावर आणून ठेवला. डुलणं थांबलं. आणि रेटेड वाऱ्याजवळ, जिथे भरपूर गेन लागतो, तिथे चक्की सुस्त झाली. पठाराच्या कड्यावरून चढून येणारा झोत आला की पाती हलेपर्यंत वेग पुढे गेलेला असायचा. आळशी ब्रेकने त्यात भर घातली, त्यामुळे आम्हाला आधी तेवढाच दिसला.

कार्ड बदलल्याच्या दिवसापासूनची पॅरामीटर-फाइल आणि शेजारच्या त्याच बनावटीच्या चक्कीची फाइल ओळीला ओळ लावून ताडा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. आम्ही ते पहिल्या आठवड्यात केलं असतं तर दोन महिने वाचले असते. फरक दिसला की मनाने आकडे बदलू नका. हे आकडे यंत्र बनवणाऱ्यांकडून लेखी घ्या. गेन हवा तसा वाढवला की दुसरीकडे दुखणं निघतं. संदर्भ-चक्कीत पिचच्या लूपची, म्हणजे वेग पाहून कोन बदलण्याच्या चक्राची, गती ०.६ रेडियन प्रति सेकंद ठेवली आहे, म्हणजे ०.१ हर्ट्‌झपेक्षा किंचित कमी, आणि टॉवरचं पुढेमागे डोलणं ०.३२ हर्ट्‌झला. हे अंतर मुद्दाम राखलेलं असतं. लूप फार चपळ केला तर पाती टॉवरच्या डोलण्यालाच झोके द्यायला लागतात.

याच्या जवळचं आणखी एक कारण पाहून ठेवा. रेटेडच्या खाली बराच वेळ चक्की चालली की कंट्रोलरचा इंटिग्रल भाग, म्हणजे वेगाची चूक साठवत जाणारा हिशेब, उणे बाजूला साचत जातो. त्याला तिथे अडवणारी मर्यादा नसेल तर झोत आल्यावर आधी ती साठलेली उधारी फिटते आणि मग पातं हलतं. ट्रेसमध्ये हे स्पष्ट दिसतं: वेग रेटेडच्या पाच टक्के वर गेला तरी कोनाचा हुकूम किमान कोनावर चिकटून बसलेला.

उभा चढ निघाला तर

त्याच फीडरवरच्या, म्हणजे त्याच वीजवाहिनीवरच्या, आणखी चार चक्क्या त्याच सेकंदाला पडल्या का, हे सगळ्यात आधी पाहा. पडल्या असतील तर ग्रिडचं व्होल्टेज बसलंय. डबली-फेड यंत्रात स्टेटर, म्हणजे जनरेटरचा स्थिर भाग, थेट ग्रिडवर असतो, व्होल्टेज बसलं की जनरेटरच्या रोटरमध्ये, म्हणजे त्याच्या फिरत्या भागात, प्रवाहाचा लोंढा येतो, कन्व्हर्टर वाचवायला क्रोबार, म्हणजे तो लोंढा वळवून घेणारं सर्किट, लागतो आणि त्या वेळात टॉर्क हातातून जातो. आपल्याकडच्या ग्रिड-जोडणीच्या नियमांनुसार नव्या पवनक्षेत्रांनी व्होल्टेज १५ टक्क्यांवर आलं तरी ३०० मिलिसेकंद तग धरायला हवा. त्यामुळे ट्रेसमधलं व्होल्टेज किती खाली आणि किती वेळ गेलं हे मोजून ठेवा. सबस्टेशनशी बोलताना हाच आकडा लागतो.

एकटीच पडत असेल तर पावसाळ्यात माझा पहिला संशय स्लिप-रिंगवर, म्हणजे जनरेटरच्या फिरत्या रोटरला ब्रशमधून वीज पोचवणाऱ्या कड्यांवर. कार्बन ब्रशची पूड आणि धुक्याची ओल एकत्र आली की रिंगच्या भोवती काळा चिकट थर बसतो. ब्रश होल्डरमध्ये अडकतोय का ते बोटाने दाबून पाहा, झिजेच्या खुणेपर्यंत आलाय का पाहा, पंख्याचा फिल्टर काढून झटका, मग रोटरला मेगर लावून इन्सुलेशन तपासा. कन्व्हर्टरची पेटी उघडण्याआधी आतले वीज साठवणारे डीसी-लिंकचे कपॅसिटर रिकामे व्हायला पुस्तकात दिलेली मिनिटं थांबा आणि मीटरने शून्य पाहिल्याशिवाय हात लावू नका.

ट्रिपची मर्यादा वाढवायची का?

हा सल्ला प्रत्येक साइटवर कुणीतरी देतंच, "पन्नास फेरे वाढवून टाका, पावसाळा निघेल." कृपया करू नका. चार पोलच्या यंत्राचा सिंक्रोनस, म्हणजे ग्रिडशी जुळणारा, वेग १५०० फेरे. १७५० ला स्लिप, म्हणजे त्या वेगापासूनचा फरक, साधारण १७ टक्के, १९५० ला पूर्ण ३० टक्के. स्लिपच्या प्रमाणात रोटरचं व्होल्टेज वाढतं, आणि रोटरच्या बाजूचा कन्व्हर्टर साधारण एवढ्याच पट्ट्यासाठी बांधलेला असतो. त्याच्या पुढे गेलात तर वेग आवरायला उरलेला टॉर्कचा लगामही सुटतो, आणि पात्यांच्या मुळावरचा केंद्रोत्सारी भार वेगाच्या वर्गाने वाढलेला असतो. सेफ्टी-चेनमधला, म्हणजे कंट्रोलरवर न विसंबता चक्की थांबवणाऱ्या साखळीतला, वेगळा ओव्हरस्पीड रिले तर कुठल्याही कारणाने शॉर्ट करू नका. कंट्रोलर पूर्ण झोपला तरी पाती आडवी करणारा तो शेवटचा आहे.

दुरुस्त झालं हे कसं कळणार

शांत वाऱ्यात चालवून "झालं" म्हणू नका. ११ ते १४ मीटरच्या वाऱ्यातले वेगाचे शिखर-आकडे दुरुस्तीआधीच्या आणि नंतरच्या ट्रेसमधून काढून शेजारी लावा. आमच्याकडे ते १८८०-१९०० वरून १८१० च्या आसपास उतरले. मग १८ मीटरच्या वरच्या वाऱ्याची वाट पाहा आणि पाती डुलत नाहीत ना, टॉवरचं कंपन वाढलं नाही ना, ते तपासा. आम्हाला तसा वारा नऊ दिवसांनी मिळाला, पहाटे चारला. पाती संथ वळत होती, वेग १७५० च्या दोन्ही बाजूंना वीस-तीस फेरे, तेवढंच.

त्या टॉवरच्या दाराच्या आतल्या बाजूला आता प्लास्टिकच्या पाकिटात एक कागद चिकटवलेला आहे: शेड्यूलिंगचा कोन, मूळ गेनचे दोन आकडे, कार्ड बदलल्याची तारीख आणि फाइल कुणी चढवली त्याची सही.